शेळ्या, तक्ते आणि मनगटावरचा कॉम्प्युटर

मागच्या डिसेंबरात एका मैत्रिणीचा तारकर्लीहून फोन आला. तिने तिथे स्कूबा डायव्हिंगचा रीतसर कोर्स केला होता. दोन दिवसांत चार डाइव्ह, हातावर भाड्याचा डाइव्ह कॉम्प्युटर. शेवटची डाइव्ह करून वर आल्यावर त्याच्या पडद्यावर काट मारलेल्या विमानाचं चिन्ह दिसायला लागलं. म्हणजे, इतके तास विमानात बसू नका. "पण मी कुठे विमानाने जातेय?" ती म्हणाली. "मी गाडीने बेळगावला जातेय, आज संध्याकाळीच, आंबोलीमार्गे. चालेल ना?"

मी तिला काय सांगितलं ते शेवटी येईलच. मुद्दा असा, की यंत्राने आपलं काम चोख केलं होतं, आणि तरी तिच्या प्रश्नाचं उत्तर यंत्रात नव्हतं.

मी स्वतः डायव्हर नाही. पर्यटक म्हणून एकदा पाण्यात उतरले, माशांबरोबर फोटो काढून घेतला, तेवढंच. या विषयात शिरले ती पीएचडीमुळे. औषध शरीरात कसं पसरतं याच्या गणितावर माझं काम आहे. त्यात शरीराचे काल्पनिक कप्पे करतात, प्रत्येक कप्प्याला एक हाफ लाइफ देतात आणि पुढचं सगळं सॉफ्टवेअर करतं. पहिल्या वर्षी मी असे चार महिने आलेख काढत होते. एक दिवस गाइडनी सहज विचारलं, "हे सॉफ्टवेअर बेसलाइन मोजतं की शून्य धरतं?" मला माहीत नव्हतं. ते शून्य धरत होतं. चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. त्यानंतर कप्प्यांच्या मॉडेलांचा इतिहास वाचायला घेतला आणि थेट जाऊन पोचले समुद्राच्या तळाशी.

डायव्हिंगच्या जगात एक वाद चाळीस वर्षं चालू आहे. एक बाजू म्हणते, आधी थिअरी आणि तक्ते शिका, मग यंत्र बांधा. यंत्र बंद पडलं तर काय कराल? दुसरी बाजू म्हणते, तक्ते जुने झाले, यंत्र जास्त अचूक आहे, पेट्रोल कसं जळतं हे माहीत नसताना आपण गाडी चालवतोच ना? मला दोन्ही बाजू थोड्या चुकीच्या वाटतात. का, ते समजायला मागे जावं लागेल, आणि त्याआधी बारावीच्या रसायनशास्त्रात.

हेन्रीचा नियम आठवा. द्रवावर वायूचा दाब जितका जास्त, तितका तो वायू द्रवात जास्त विरघळतो. सोड्याची बाटली उघडली की दाब उतरतो आणि विरघळलेला वायू बुडबुड्यांनी बाहेर येतो. समुद्रात दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. ३० मीटरवर एकूण दाब ४ बार. तिथे टाकीतली हवा ओढणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात नायट्रोजनचा दाब जमिनीवरच्या चौपट असतो, आणि तो नायट्रोजन रक्तावाटे शरीरभर विरघळत जातो. ऑक्सिजन शरीर वापरून टाकतं. नायट्रोजनचं शरीराला काहीच काम नाही, तो फक्त साठतो. माणूस भसकन वर आला की बाटली उघडली. बुडबुडे सांध्यांत, मज्जारज्जूत, कुठेही होऊ शकतात. सांधेदुखीपासून कायमच्या पांगळेपणापर्यंत आणि मृत्यूपर्यंत काहीही होऊ शकतं.

हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसलं ते पाणबुड्यांमध्ये नाही, पूल बांधणाऱ्या मजुरांमध्ये. नदीच्या तळाशी पुलाचा पाया खणायला तळ नसलेली एक प्रचंड पेटी उतरवायचे आणि पाणी आत येऊ नये म्हणून तीत दाबाखालची हवा भरायचे. तिला कॅसन म्हणतात. १८७० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसला मिसिसिपीवरच्या पुलाचं काम चालू असताना डझनाहून अधिक मजूर या आजाराने गेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावर खुद्द मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये कायमचा अधू झाला, आणि पुढची अकरा वर्षं त्याच्या सूचना कामावर पोचवण्यापासून काम समजून घेण्यापर्यंतची जबाबदारी त्याची बायको एमिली हिने उचलली. पेटीतून बाहेर आलेले मजूर दुखण्याने वाकून चालायचे. त्या काळात बायकांच्या फॅशनमध्ये पुढे झुकून चालण्याची एक ढब होती, तिला 'ग्रीशियन बेंड' म्हणत. मजुरांनी थट्टेने तेच नाव दुखण्याला दिलं, आणि 'बेंड्स' हा शब्द आजतागायत टिकला.

१८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर याने दाखवून दिलं की बुडबुडे मुख्यतः नायट्रोजनचे असतात. कारण कळलं. पण किती हळू वर यायचं? सगळे म्हणायचे, एकसारखं हळूहळू. 'हळू' म्हणजे मिनिटाला किती फूट, याला आधार नव्हता.

तो आधार दिला जॉन स्कॉट हाल्डेन याने. ब्रिटिश नौदलासाठी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये एका पोलादी टाकीत त्याने शेळ्या ठेवल्या, दाब वाढवला, थांबला, दाब उतरवला आणि बघितलं. शेळीचा पाय दुखायला लागला की ती तो उचलून धरते, म्हणून तिच्यात बेंड्स ओळखायला सोपे. त्याला एक गोष्ट ठळकपणे दिसली. २ वातावरणांच्या दाबावरून १ वर लगेच आणलं तरी काही होत नाही. ४ वरून २ वर आणलं तरी नाही. म्हणजे धोका दाबातल्या फरकाचा नसून गुणोत्तराचा आहे. मग एकसारखं हळू वर येण्यात अर्थ नाही. आधी निम्म्या दाबापर्यंत बऱ्यापैकी झटकन वर या, मग टप्प्याटप्प्याने थांबत या. ऐकायला उलटं वाटतं, पण शेळ्यांवर हे जास्त सुरक्षित ठरलं. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर डॅमंट आणि कॅटो हे नौदलाचे दोन पाणबुडे याच पद्धतीने २१० फुटांवर, म्हणजे ६४ मीटरवर जाऊन सुखरूप परत आले.

त्या चाचण्यांत हाल्डेनचा १३ वर्षांचा मुलगाही पाण्यात उतरला होता. सूट त्याच्या मापाचा नव्हता, आत पाणी शिरलं, पोरगं भिजून गारठलं. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हाल्डेन म्हणून जगप्रसिद्ध झाला, १९५७ मध्ये भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. आपल्याकडे तो जनुकशास्त्रासाठी माहीत आहे, पण दाबाच्या टाकीत बसून स्वतःवर प्रयोग करण्याचं घराण्याचं वेड त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जोरात चालवलं होतं.

बॉयकॉट, डॅमंट आणि हाल्डेन यांचा शोधनिबंध १९०८ मध्ये 'जर्नल ऑफ हायजीन'मध्ये आला. आज त्याकडे आपण शिष्य म्हणून बघायला हवं, कारण त्यात मॉडेल कसं बांधतात ते उघडं दिसतं. शरीराच्या काही भागांना रक्त भरपूर मिळतं, ते लवकर भरतात आणि लवकर रिकामे होतात. काहींना, उदाहरणार्थ चरबीला, रक्त कमी मिळतं. हाल्डेनने पाच कप्पे मानले, त्यांचे हाफ लाइफ ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटं. प्रत्येक कप्पा फर्स्ट ऑर्डरने भरतो आणि रिकामा होतो, आपल्या बीएस्सीच्या गणितासारखाच. अट एवढीच, की कुठल्याही कप्प्यातलं गुणोत्तर २ च्या वर जाऊ द्यायचं नाही.

एक उदाहरण करून बघू. तुम्ही ३० मीटरवर २० मिनिटं आहात. वर नायट्रोजनचा दाब ०.७९ बार, खाली ३.१६, फरक २.३७. ५ मिनिटांच्या कप्प्याचे २० मिनिटांत चार हाफ लाइफ झाले, म्हणजे तो १५/१६ भरला: ३.०१ बार. ४० मिनिटांच्या कप्प्याचा अर्धाच हाफ लाइफ झाला, तो साधारण २९ टक्के भरला: १.४८ बार. माणूस एकच, शरीर एकच, पण एका कप्प्यात दुसऱ्याच्या दुप्पट दाब. वर येताना कोणता कप्पा आधी मर्यादेला लागेल हे डाइव्ह किती खोल आणि किती वेळ यावर ठरतं. डायव्हिंगची सगळी थिअरी म्हटलं तर एवढीच आहे. वहीच्या एका पानावर मावते.

आता महत्त्वाचं. हे पाच कप्पे शरीरात कुठेही नाहीत. '४० मिनिटांची ऊती' कापून दाखवता येत नाही. हाफ लाइफ निवडले ते निरीक्षणाशी जुळावेत म्हणून. ७५ हाही आकडा असाच: माणसाचं शरीर सुमारे पाच तासांत जवळजवळ पूर्ण भरतं असा अंदाज होता, आणि ७५ ला ४ ने गुणलं तर ३०० मिनिटं येतात. पुढे तो अंदाज खूपच कमी ठरला. आजच्या मॉडेलांत सगळ्यात संथ कप्प्याचा हाफ लाइफ १० तासांच्या वर असतो.

पुढची पन्नास वर्षं अमेरिकन नौदलाने या मॉडेलला ठोकून ठोकून आकार दिला. १९३० च्या दशकात लक्षात आलं की वेगाने भरणारे कप्पे २ पेक्षा बरंच जास्त गुणोत्तर सहन करतात आणि संथ कप्पे तितकं नाही. १९६५ मध्ये रॉबर्ट वर्कमनने प्रत्येक कप्प्याला वेगळी कमाल मर्यादा दिली, तिला एम-व्हॅल्यू म्हणतात. पृष्ठभागावर येताना ५ मिनिटांच्या कप्प्यात १०४ फूट पाण्याइतका नायट्रोजनचा दाब चालतो, सगळ्यात संथ कप्प्यांत जेमतेम ५०. हे आकडे शरीरशास्त्राच्या कुठल्या नियमातून आलेले नाहीत. माणसं पाण्यात पाठवली, कुणाला बेंड्स झाले, कुणाला नाही, त्यातून आले.

या सगळ्यातून निघालेले तक्ते होते नौदलाच्या जवानांसाठी: तरुण, धडधाकट, डॉक्टरची आणि दाबाच्या टाकीची सोय हाताशी. दरम्यान १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्याँ यांनी अ‍ॅक्वालंग तयार केलं, आणि युद्धानंतर डायव्हिंग हा सुट्टीतला छंद झाला. छंदवाल्या लोकांनी वापरले ते नौदलाचेच तक्ते. पन्नाशीतले दुकानदार, किंचित सुटलेले वकील, सगळ्यांना तोच कागद. ६० फुटांवर ६० मिनिटं.

'आधी तक्ते शिका' म्हणणाऱ्यांशी माझं इथे जमत नाही. तक्ता म्हणजे थिअरी नव्हे. तक्ता म्हणजे थिअरीवरून कुणीतरी आधीच करून ठेवलेला हिशेब, कागदावर छापलेला. तोही एक कॉम्प्युटरच. फक्त त्याला बॅटरी लागत नाही. खोलीच्या रकान्यात बोट ठेवा, मिनिटांवर सरकवा, अक्षर वाचा, पुढच्या तक्त्यात जा. हजारो लोकांनी हे पाठ केलं, परीक्षा पास केली, आणि त्या अक्षरामागे १२० मिनिटांचा एक काल्पनिक कप्पा आहे हे त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. शिवाय तक्ता धरून चालतो की तुम्ही पूर्ण वेळ सर्वांत खोल जागी होतात. प्रत्यक्षात छंद म्हणून जाणारा माणूस १८ मीटरवर पाच मिनिटं जातो आणि मग प्रवाळाच्या कडेने हळूहळू वर सरकतो. हाल्डेनच्या थिअरीशी प्रामाणिक राहायचं तर दर क्षणाच्या दाबाचा हिशेब करायला हवा. कागदाला ते जमत नाही, यंत्राला जमतं.

असं यंत्र हवं हे लवकर सुचलं होतं. १९५३ मध्ये स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतल्या ग्रोव्ह्ज आणि मंक यांनी अशा यंत्राची कल्पना लिहून काढली. हा वॉल्टर मंक म्हणजे समुद्रलाटांच्या अभ्यासातलं फार मोठं नाव. १९५५ मध्ये अमेरिकन नौदलासाठी एक यंत्र बनलं. नौदलाने १९५७ मध्ये तपासून नाकारलं. १९५९ मध्ये इटलीत मात्र एक साधं यंत्र बाजारात आलं, एसओएस मीटर. आत एक मऊ पिशवी, एक कडक कोठी आणि मध्ये सच्छिद्र सिरॅमिकचा तुकडा. पाण्याच्या दाबाने पिशवीतला वायू सिरॅमिकमधून हळूहळू कोठीत जायचा आणि काटा सरकायचा. कल्पना सुंदर आहे, कारण सिरॅमिकचा तुकडा म्हणजेच ऊती. पण तो एकच, म्हणजे कप्पाही एकच. वर आपण पाहिलं की एका डाइव्हमध्येच दोन कप्प्यांत दुपटीचा फरक पडतो. मग दिवसात तीनदा उतरणाऱ्या माणसाचं हा एक तुकडा काय करणार? लोकांनी त्याला 'बेंडोमॅटिक' असं नाव पाडलं होतं. तरीही पुष्कळांनी तो वर्षानुवर्षं वापरला, काट्यावर भरवसा ठेवून.

खरा कॉम्प्युटर आला १९८३ मध्ये. स्वित्झर्लंडचा डेकोब्रेन, आणि अमेरिकेतला ऑर्का कंपनीचा एज. डेकोब्रेनच्या मागे झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांचं काम होतं; आज जगातल्या बऱ्याच यंत्रांत त्यांचंच १६ कप्प्यांचं मॉडेल असतं. एजचं गणित कार्ल हगिन्स यांचं. त्यात १२ कप्पे होते आणि ते पडद्यावर दिसायचे! बारा उभ्या पट्ट्या, वर मर्यादेची वक्ररेषा. खाली गेलात की डावीकडच्या पट्ट्या भराभर चढणार, उजवीकडच्या रेंगाळणार. वर आलात की उलट. विटेएवढं जड धूड होतं ते, पण मला वाटतं शिकवण्याचं याहून चांगलं साधन या क्षेत्रात झालं नाही. थिअरी विरुद्ध कॉम्प्युटर हा वाद ज्या यंत्रापासून सुरू झाला, त्याच्या तोंडावरच थिअरी काढलेली होती. पुढे यंत्रं लहान झाली, मनगटावर आली, आणि पट्ट्या गेल्या. उरला एक आकडा: इतकी मिनिटं शिल्लक. (अलीकडे महागड्या यंत्रांत पट्ट्या परत आल्या आहेत, पण एका बटणाआड.)

१९८८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. पाडी या प्रशिक्षण संस्थेने छंदवाल्यांसाठी नवा तक्ता आणला. लोक छोट्या, न थांबता वर येण्याजोग्या डाइव्ह करतात, त्यात फार संथ कप्पे भरतच नाहीत, असं धरून त्यांनी दोन डाइव्हमधला हिशेब १२० ऐवजी मुख्यतः ६० मिनिटांच्या कप्प्यावर ठेवला, आणि खालच्या वेळा मात्र कमी केल्या: ६० फुटांना ६० ऐवजी ५५ मिनिटं. दुसरी गोष्ट, त्याच सप्टेंबरात कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर पाण्याखाली संशोधन करणाऱ्यांची कार्यशाळा भरली. यंत्र वापरू द्यायचं का, हाच विषय. त्यांनी ते नाकारलं नाही. पण शिस्त घालून दिली: प्रत्येकाचं यंत्र स्वतःचं, दोघांत एक चालणार नाही, वापरण्याआधी प्रशिक्षण हवं, डाइव्हच्या मधे यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं नाही, कारण बंद केलं की ते तुमचा आधीचा नायट्रोजन विसरतं. शेवटची अट नीट पाहा. मॉडेल ज्याला माहीत आहे त्याला ती सांगावी लागत नाही. ज्याला माहीत नाही त्याला यंत्र बंद-चालू केल्यावर जास्त मिनिटं दिसतात आणि तो खूश होतो.

यंत्राच्या पोटात काय दडतं याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण २००३ मधलं आहे. १९९० च्या दशकात विकलेलं एक मॉडेल त्या वर्षी अमेरिकेत परत मागवण्यात आलं. ते नायट्रॉक्ससाठी होतं. नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा. नायट्रोजन कमी, म्हणून खाली जास्त वेळ मिळतो. चूक अशी होती: दोन डाइव्हच्या मधे तुम्ही बोटीत बसून चहा पीत असलात तरी यंत्र धरून चालायचं की तुम्ही अजून नायट्रॉक्सच ओढताय.

हिशेब करू. मिश्रणात ३६ टक्के ऑक्सिजन, म्हणजे ६४ टक्के नायट्रोजन. वर आलात तेव्हा ४० मिनिटांच्या कप्प्यात १.४० बार आहे असं समजा. ८० मिनिटांनी, म्हणजे दोन हाफ लाइफनंतर, खरा आकडा ०.७९ अधिक (०.६१ भागिले ४), म्हणजे ०.९४. यंत्राचा आकडा ०.६४ अधिक (०.७६ भागिले ४), म्हणजे ०.८३. आणखी ८० मिनिटं बसा. यंत्र म्हणेल ०.६९. जन्मात पाण्यात न उतरलेल्या माणसाच्या शरीरातही ०.७९ बार नायट्रोजन असतो! यंत्राच्या मते तुम्ही त्याच्याहून कोरडे झालात, आणि त्या भरवशावर ते पुढच्या डाइव्हला जास्त मिनिटं देणार. गणितात एकही चूक नाही. बेसलाइन चुकीची होती. हे वाचलं तेव्हा मला माझे चार महिने आठवले आणि घाम फुटला, कारण माझ्या चुकीने फक्त आलेख बिघडले होते.

मग थिअरी समजलेली माणसं चुकत नाहीत का? चुकतात, आणि फार विश्वासाने चुकतात. रिचर्ड पाइल हे हवाईचे मत्स्यशास्त्रज्ञ खोलवरून मासे आणायचे. वर आणताना माशांचा वायुकोश फुगतो, म्हणून ते मधेच, नेहमीच्या थांब्यांहून बरंच खाली, थांबून सुईने तो वायू काढायचे. त्यांच्या लक्षात आलं की मासे मिळालेल्या दिवशी आपल्याला वर आल्यावर थकवा कमी वाटतो. यातून खोल थांब्यांची, डीप स्टॉप्सची, कल्पना पसरली. त्याच सुमारास बुडबुड्यांची नवी भौतिकी मॉडेलं आली, तीही म्हणत होती की खोल थांबा, बुडबुडे मोठे होऊच देऊ नका. निरीक्षण आणि थिअरी दोन्ही एका बाजूला! १९९० आणि २००० च्या दशकांत हे यंत्रांत शिरलं, छंदवाल्यांच्या अभ्यासक्रमांतही शिरलं.

अमेरिकन नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राने ते तपासलं. अहवाल २०११ मध्ये आला. १७० फुटांवर ३० मिनिटं, वर येण्याचा एकूण वेळ दोन्ही गटांना सारखाच, फक्त थांबे वेगळे. उथळ थांब्यांच्या १९२ डाइव्हमध्ये ३ जणांना बेंड्स झाले, खोल थांब्यांच्या १९८ मध्ये ११ जणांना. प्रयोग मधेच थांबवावा लागला. स्पष्टीकरण पुन्हा हाल्डेनच्या पानावर सापडतं: खोलवर थांबलात की वेगवान कप्पे रिकामे होतात खरे, पण संथ कप्पे अजून भरतच असतात. खोली आणि वेळ दोन्ही छंदवाल्यांच्या नेहमीच्या डाइव्हपेक्षा खूप जास्त होती, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा तारकर्लीला लावता येत नाही. पण "सगळेच असं करतात, यंत्रातही आहे" हा युक्तिवाद मात्र तिथेच बुडाला.

आज खोल जाणारे लोक यंत्रात 'ग्रेडियंट फॅक्टर' नावाचे दोन आकडे स्वतः भरतात. एरिक बेकर यांची ही कल्पना: एम-व्हॅल्यूच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं ते तुम्ही ठरवा. म्हणजे यंत्राने निर्णय परत माणसाच्या हातात दिला. आणि माणसं काय करतात? बहुतेक जण मित्राने भरलेले आकडे भरतात. आपल्याकडे पी व्हॅल्यू ०.०५ का, असं विचारलं तर "सगळे तीच घेतात" म्हणतो, तसंच.

म्हणून भावी संशोधक मित्रमैत्रिणींना मी तक्ते पाठ करा असं म्हणणार नाही, आणि सगळं हाताने करा असंही नाही. हगिन्सचं गणित हाताने करत पाण्याखाली बसलं तर हवा संपेल. एक मात्र करून बघा. स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने, पाच हाफ लाइफ, दर मिनिटाला एक ओळ. हाल्डेनचं मॉडेल अर्ध्या तासात उभं राहतं. मग त्यात मुद्दाम चुका घाला: बेसलाइन बदला, एक कप्पा काढून टाका, मधेच सगळं शून्य करा. आकडे किती शांतपणे चुकतात ते दिसेल. लाल रंग कुठेही येत नाही.

आता बेळगाव. मैत्रिणीच्या फोननंतर मी तेच स्प्रेडशीट उघडलं. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर, बेळगाव त्याहून थोडं उंच. तिथे हवेचा दाब ०.९२ बारच्या आसपास. घाट चढणं म्हणजे छोटंसं विमान चढणंच. विमानाच्या चिन्हामागे जी थिअरी आहे तीच इथेही लागू, फक्त फरक लहान. डायव्हर्सच्या सुरक्षिततेसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक सूचनाही ६०० मीटरच्या वरची उंची 'विमानप्रवास' धरतात, आणि सलग दिवसांच्या अनेक डाइव्हनंतर निदान १८ तास थांबायला सांगतात. मी तिच्या चार डाइव्हच्या खोल्या आणि वेळा विचारल्या. शेवटची डाइव्ह १८ मीटरवर ४० मिनिटं होती, दुपारी दोनला संपलेली. फक्त ती एक धरली तर दोन तासांनंतर ४० मिनिटांच्या कप्प्यात ०.८८ बार उरतो, १२० मिनिटांच्यात ०.९४. वर्कमनच्या मर्यादांपासून दोन्ही आकडे खूप दूर. घाटावर त्या मर्यादा थोड्या खाली सरकतात, तरीही दूरच. कागदावर ती आरामात जाऊ शकत होती.

मी तिला म्हटलं, रात्री मालवणातच राहा, उद्या सकाळी नऊनंतर निघ. ती वैतागली. "तुझाच हिशेब म्हणतोय ना चालेल?"

हो, म्हणतोय. पण त्यात मी आधीच्या तीन डाइव्ह धरल्या नव्हत्या. ती दोन दिवस उन्हात होती, पाणी किती प्यायली कुणास ठाऊक. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयातलं जन्माआधीचं छोटं छिद्र पूर्ण बुजलेलं नसतं, आणि त्यातून बुडबुडे फुप्फुसाची गाळणी चुकवून पुढे जाऊ शकतात. तिचं बुजलेलं आहे का, हे तिला माहीत नाही, मलाही नाही. आणि आंबोली घाटात रात्री साडेआठला तिचा खांदा दुखायला लागला, तर दाबाची टाकी असलेलं सर्वांत जवळचं ठिकाण कोणतं, हे आम्हा दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नाही.

ती राहिली. रात्री जेवताना बांगड्याचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "पाचही कप्पे भरले."